खडू, टेकडी आणि नर्मदेचा काठ



मराठी शाळेतील कोणत्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ असे सांगितले, की त्याच्या हातून एक ठरलेले चित्र उतरते. कागदाच्या वरच्या अंगाला दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून अर्धा वर आलेला सूर्य, तेथून नागमोडी वळणे घेत खाली येणारी निळी नदी, नदीकाठी कौलारू घर, घराशेजारी नारळाचे झाड आणि आभाळात आडव्या पाडलेल्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र पुण्यातले मूल काढते, नागपुरातले काढते आणि जबलपुरातलेही काढते. साठ वर्षांपूर्वी या शाळेच्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुलांनी ते काढले असेल आणि आज त्यांची नातवंडेही तेच काढीत असतील.

नवल याचे वाटते, की जबलपूरच्या मुलाला डोंगर आणि नदी यांसाठी कल्पनेकडे हात पसरण्याची काहीच गरज नाही. मदनमहालची टेकडी शहराच्या कुशीत आहे. ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट येथे नर्मदा आहे. भेडाघाटला जाऊन येण्यास अर्धा दिवस पुरतो. तरीही मुलाच्या कागदावर येतो तो कोकणातला नारळ आणि कोठेच नसलेला त्रिकोणी डोंगर. मदनमहालच्या टेकडीत त्रिकोण औषधालाही सापडणार नाही. तेथे आहेत एकमेकांवर रचल्यासारखे प्रचंड गोल धोंडे. डोळ्यांसमोर असलेले न पाहता हाताला शिकवलेले काढणे, ही सवय फार लवकर जडते आणि ती मोडावी कशी हा चित्रकलेच्या शिक्षणातला सर्वांत जुना प्रश्न आहे. या व्याख्यानाचा विषय त्या प्रश्नावरचा एक साधा, स्वस्त आणि थोडा धुळीचा उपाय हा आहे. तो उपाय म्हणजे उघड्यावर बसून रंगीत खडूने, अर्थात सॉफ्ट पेस्टलने केलेले निसर्गचित्रण.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘पेस्टल’ म्हटले की वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळणारी तेलकट कांड्यांची पेटी डोळ्यांपुढे येते. ते ऑइल पेस्टल होय. त्यात मेण व तेल असते. ते कागदाला चिकटते आणि बोटाने फारसे हलत नाही. सॉफ्ट पेस्टलचे कूळ वेगळे आहे. रंगद्रव्याची भुकटी, तिला अंग देणारी पांढरी माती किंवा चुनखडीची पूड आणि सारे जेमतेम धरून ठेवील एवढाच डिंक, इतकेच त्याचे घटक. डिंक अधिक झाला तर कांडी कडक होऊन कागदाला ओरखडते, कमी पडला तर बोटांतच तिचे पीठ होते. इटालियन भाषेत पिठाच्या गोळ्याला जो शब्द आहे त्यावरूनच ‘पेस्टल’ हे नाव आले. तेव्हा नात्याने पाहिले तर सॉफ्ट पेस्टल हे फळ्यावरच्या खडूचे श्रीमंत भावंड आहे. मराठी घराला त्याहूनही जवळचे नाते सांगता येईल. शिरगोळ्याच्या पुडीत रंग मिसळून उंबऱ्यापुढे जी रांगोळी घातली जाते, तिच्यात आणि पेस्टलमध्ये फरक आहे तो केवळ चिमूटभर डिंकाचा.

फळ्याचा उल्लेख आलाच आहे, तर क्षणभर तेथे थांबणे योग्य होईल. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी चित्रकलेच्या शिक्षकांनी फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेले चित्र अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. काळ्या फळ्यावर पिवळा खडू कसा पेटल्यासारखा दिसे, आणि तोच खडू पांढऱ्या कागदावर कसा मलूल पडे, हेही कित्येकांच्या ध्यानात आले असेल. पेस्टलचे अर्धे शास्त्र त्या फळ्यावरच होते. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो, म्हणून तो जपत जपत फिकटाकडून गडदाकडे जावे लागते. पेस्टलमध्ये वाट उलटी. कागद आधीच रंगीत, राखी किंवा मातकट घ्यायचा. गडद छाया आधी, मधल्या छटा नंतर आणि उजेड सर्वांत शेवटी ठेवायचा. ते फळ्यावरचे चित्र सोमवारी पहिल्या तासाला पुसले जाई. त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. मात्र कितीतरी शिक्षकांची उत्तम कामे अशी डस्टरखाली गेली, याची नोंद स्मरणिकेत कोठेतरी असावी.

युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभी व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने पेस्टलला व्यक्तिचित्रणात मानाचे स्थान मिळवून दिले. सन १७२० मध्ये ती पॅरिसला गेली आणि तिच्या पाठोपाठ या माध्यमाचे वेड तेथे पसरले. पण ते सारे दिवाणखान्यातले काम होते. पेस्टलला उघड्यावर, वाऱ्यात आणणाऱ्यांमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा युजीन बुदँ याचे नाव घ्यावे लागते. समुद्रावरच्या आभाळाचे त्याने पेस्टलने असंख्य छोटे अभ्यास केले आणि त्यांवर दिवस, वेळ, वारा यांच्या नोंदी करून ठेवल्या. कवी बोदलेरने १८५९ मध्ये त्यांची मनापासून प्रशंसा केली. याच बुदँने ल हाव्र येथील एका तरुण व्यंगचित्रकाराला घराबाहेर पडून रंगवण्यास भाग पाडले. तो तरुण म्हणजे क्लोद मोने. ढग बदलण्यापूर्वी त्याला कागदावर धरायचे, तर रंग कालवण्यास, ब्रश धुण्यास आणि थर वाळण्याची वाट पाहण्यास सवड कोठून असणार? पेस्टलमध्ये यांपैकी काहीच नसते. कांडी उचलली की रंग तयार असतो. घाईच्या प्रकाशासाठी हे माध्यम जणू घडवलेले आहे.

जबलपूरला समुद्र नाही. येथला किनारा म्हणजे घाट. परंतु उघड्यावर चित्र काढण्याची परंपरा या प्रदेशाला परकी नाही, आणि तीत मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रशाळा उभी केली. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर, प्रत्यक्ष दृश्यासमोर नेऊन बसवण्यावर त्यांचा भर असे. नारायण श्रीधर बेंद्रे हे तेथलेच. १९१० मध्ये इंदुरात जन्मलेल्या बेंद्र्यांनी पुढे भारतभर भटकंती करून निसर्गचित्रे केली, बडोद्याच्या कलाविद्यालयात पिढ्या घडवल्या. पण त्यांच्या हाताला वळण लागले ते इंदूरच्या रस्त्यांवर आणि उन्हात. एका संस्थानी शहरातल्या लहानशा चित्रशाळेतून केवढी माणसे बाहेर पडली, हे पाहिले म्हणजे शाळेचा मोठेपणा इमारतीच्या चौरस फुटांत मोजणाऱ्यांची गंमत वाटते.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. तीच नर्मदा, आणि जबलपूरपासून अंतरही फार नाही. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. साहजिकच रझा १९३९ मध्ये शिकण्यास गेले ते नागपूरच्या चित्रशाळेत आणि तेथून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मुंबईतल्या त्यांच्या आरंभीच्या कामात उघड्यावर रंगवलेल्या दृश्यांचा भरणा आहे. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले आणि जवळजवळ साठ वर्षे तेथे राहिले. पुढे त्यांचा ‘बिंदू’ जगभर गाजला. त्याचे मूळ ते स्वतः बालपणीच्या एका प्रसंगात सांगत. लहानपणी त्यांचे मन वर्गात लागत नसे. तेव्हा शाळेतल्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्यांना त्याच्याकडे पाहत बसण्यास सांगितले. शिक्षा म्हणून नव्हे, मन एकाग्र व्हावे म्हणून. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दफन मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. खेड्यातल्या शिक्षकाने भिंतीवर ओढलेल्या त्या ठिपक्याला कोणत्या परीक्षेत किती गुण मिळाले असते, हा प्रश्न पालकांनी मनाशी विचारून पाहावा.

जबलपूर शहराने स्वतःचा म्हणावा असा चित्रकारही दिला आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याजवळ शिकलेले ब्योहार राममनोहर सिंह यांनी भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पान सजवले. गोलबाजारातील शहीद स्मारकातली भित्तिचित्रे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जण आत डोकावले असतील, हा वेगळा विषय.

आता प्रत्यक्ष टेकडीकडे वळू या. मदनमहालच्या धोंड्यांना तो गोलावा कसा आला, हे ठाऊक असले तर चित्र सोपे होते. हा अतिप्राचीन ग्रॅनाइट आहे. त्याला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी शिरले आणि खडक झिजू लागला. सपाट बाजूला झीज एकाच अंगाने होते, कडेला दोन अंगांनी, तर कोपऱ्याला तिन्ही बाजूंनी. म्हणून कोपरे आधी गेले आणि चौकोनी ठोकळ्यांचे गोल धोंडे झाले. याचाच अर्थ असा, की प्रत्येक गोलाच्या आत एक ठोकळा दडलेला आहे. त्याची वरची बाजू आभाळाचा उजेड घेते, एक बाजू उन्हाचा आणि तिसरी सावलीत राहते. चित्रकाराने आधी हे तीन पृष्ठभाग तीन कांड्यांनी, कांडी आडवी धरून मांडावेत. गोलावा मागाहून येतो. आधी बाह्यरेषा काढून मग ती भरू लागले, की धोंड्याचा बटाटा होतो. असे बटाटे पुष्कळ पाहण्यात येतात.

तेथला तो सुप्रसिद्ध तोलून राहिलेला धोंडा तर या दृष्टीने उत्तम गुरू आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने शहर हादरले, घरे पडली, माणसे दगावली, पण तो धोंडा जागचा हलला नाही, ही आठवण येथे बसलेल्या अनेकांजवळ आहे. चित्रात मात्र तो नेमका घसरतो. कारण दोन धोंडे जेथे एकमेकांना टेकतात ती जागा फार लहान आहे आणि तिच्या खालची फट हा साऱ्या दृश्यातला सर्वांत गडद भाग आहे. ती फट भीत भीत करड्या रंगाने दाखवली, तर वरचा दगड तरंगू लागतो. गडद तपकिरी आणि गडद निळा एकमेकांवर देऊन ती खोल केली, की दगडाला वजन येते. शुद्ध काळा शक्यतो टाळावा. तो चित्राला भोक पाडतो.

भेडाघाटची परीक्षा याच्या नेमकी उलट आहे. तेथे सारेच पांढरे, निदान तसे सांगितले जाते. पंचवटी घाटावर बसून अर्धा तास स्वस्थ पाहिले, की पांढरा दगड हळूहळू नाहीसा होऊ लागतो. उन्हातली कडा पिवळसर, किंचित गुलाबी. सावलीतली निळसर राखी. आणि पाण्यालगतच्या सावलीत, खालून परतणाऱ्या उजेडाने, चक्क हिरवट. अरुंद घळीत एका कड्यावर पडलेले ऊन समोरच्या कड्यावर उडते आणि तिथली सावली आतून उजळते. कोरा पांढरा म्हणावा असा रंग दोन-चार ठिकाणीच सापडतो. पेटीतली पांढरी कांडी म्हणूनच शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत खिशात ठेवावी. नावाड्यांच्या यमकबद्ध समालोचनात दगडांना हत्ती, घोडा, माकड अशी रूपे दिसतात. ते ऐकून करमणूक होते खरी, पण चित्र काढणाऱ्याने तेवढा वेळ कान बंद ठेवावेत. हत्ती दिसला की कडा दिसेनासा होतो. नावेत बसून काढण्याचा मोहही टाळलेला बरा. कड्याची उभी रेघ आणि नावेचे हेलकावे यांचे जमत नाही.

धुवाँधारला आणखी एक अडचण आहे. धबधब्याचे तुषार कागदावर पडले, की पेस्टलवर गडद ठिपके उमटतात आणि ते पुसता येत नाहीत. म्हणून तेथे वाऱ्याची दिशा पाहून, दूर आणि उंचावर बसावे. पाण्याचा फेस रेघारेघांनी काढू नये. आधी त्यामागचा ओला काळपट खडक भरावा, त्यावर कांडी आडवी, अगदी हलक्या हाताने फिरवावी. कागदाचा खरबरीतपणा आपसूक थेंब पाडतो. याच कारणासाठी कागद गुळगुळीत नसावा. टिंटेड पेपर कलासाहित्याच्या दुकानात मिळतो. सरावाला जाड खाकी कागद किंवा अगदी बारीक पॉलिशपेपरही चालतो. खाकी कागद कालांतराने पिवळा पडून ठिसूळ होतो, तेव्हा जपून ठेवावेसे वाटेल असे काम त्यावर करू नये.

प्रकाशाविषयी येथील भूगोल एक गोष्ट सांगतो. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. २१ जूनच्या दुपारी येथे सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि वस्तूंची सावली पायाखाली जाते. सावली गेली की टेकडीचा आकारही गेला. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवरच असतो, म्हणजे दिवसभर सावल्या लांब आणि आकार स्पष्ट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उघड्यावरच्या चित्रकाराचा हंगाम. तरीही सावली तासाभरात जागा सोडते. तिच्या मागे धावणाऱ्याच्या चित्रात तीन वेळांचे ऊन एकत्र येते. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा कागदावर पक्क्या कराव्यात आणि नंतर सूर्याने काय वाटेल ते केले तरी त्या बदलू नयेत.

पालकांना येथे एक प्रश्न पडणे स्वाभाविक आहे: हे सारे कशासाठी? आठवी झाली की चित्रकलेची वही बंद होते, नववीत तो तास गणिताला जातो, आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. प्रत्येक मुलाने चित्रकार व्हावे असा आग्रह कोणीच धरणार नाही. पण ज्या मुलाने एकदा मदनमहालच्या धोंड्यासमोर दोन तास बसून त्याची सावली निळी आहे की जांभळी याचा निर्णय स्वतः घेतला, त्याने ‘दगड करडा असतो’ हे ऐकीव ज्ञान स्वतःच्या डोळ्यांनी तपासले आहे. शहराबाहेर नोकरीस गेलेली, परदेशी स्थिरावलेली या शाळेची मुले हिवाळ्यात परत येतात तेव्हा भेडाघाटची छायाचित्रे शेकड्यांनी काढतात. दोन मिनिटांत काढलेल्या छायाचित्रात कडा येतो. तो पाहिलेला असतोच असे नाही. मराठी वाचता येणारी मुले या गावात वर्षागणिक कमी होत आहेत, ही चिंता अशा समारंभांत नेहमी व्यक्त होते आणि ती खरी आहे. ज्या गावात मूल वाढते त्या गावाची टेकडी त्याच्या कागदावर येऊ नये, हीही तितकीच काळजीची बाब मानावी लागेल. या शाळेला सहलीचा एक दिवस मिळतोच. त्या दिवशी डब्याबरोबर एक पुठ्ठा, एक राखी कागद आणि दहा कांड्या दिल्या तर खर्च फारसा वाढत नाही.

चित्र घरी आणल्यावरची काळजी थोडक्यात सांगता येईल. पेस्टलचे चित्र कधी पूर्ण वाळत नाही, कारण ते ओले कधी नसतेच. धूळ कागदाच्या दातांत अडकून राहते एवढेच. फिक्सेटिव्ह फवारले तर पकड वाढते, पण उजळ रंग काळवंडतात. म्हणून ते बेताने, शक्यतो मधल्या थरांवरच वापरावे. वरून बटरपेपर ठेवावा. चौकट करायची तर काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची फट हवीच. काच चिकटली की चित्राचा काही भाग काचेवर जातो. खरा शत्रू आहे तो पावसाळा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशी धरते आणि पुढल्या दिवाळीत चौकट उतरवली तर आभाळात नको ते ढग दिसतात. चौकट बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, मागे थोडी हवा खेळू द्यावी. काम करताना कागदावरची धूळ फुंकू नये. ती छातीत जाते आणि काही रंगद्रव्ये विषारी असतात. कागद तिरका धरून मागून टिचकी मारावी आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे. लहान मुलांच्या बाबतीत हा नियम कटाक्षाने पाळावा.

टिचकीने पडलेली ती धूळ मात्र फेकू नये. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला कागदाची पन्हळ लावली, की ती तेथे साठते. हंगामाच्या अखेरीस त्यात सगळ्याच कांड्यांचा अंश असतो. भेडाघाटचा हिरवट, ग्वारीघाटच्या संध्याकाळचा केशरी, सावल्यांचा निळा. त्यात थेंबभर पाणी घालून गोळा करावा, तळहातावर वळून कांडी करावी आणि सावलीत वाळवावी. ती नेहमी राखाडीच निघते, किंचित उबदार, दुकानात कोठेही न मिळणारी. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो; त्यानंतर काही मिनिटे मदनमहालच्या धोंड्यांवर जो रंग असतो, तो बहुतेक वेळा त्याच कांडीत सापडतो.